नव्याण्णव किलोमीटर

"कुलथे सर, एवढे तक्त्यांतले आकडे मराठीत करून द्या. बाहेरून आलेल्या मॅडमना इंग्रजी आकडे चालत नाहीत म्हणे," असं म्हणून भालशंकर ताईंनी पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि धपाट्यांचा डबा सांभाळत त्या व्हरांड्याकडे निघून गेल्या.

सकाळचे साडेदहा वाजले होते. बारा वाजता त्यांचा प्रबंधाआधीचा शेवटचा सेमिनार होता. मार्च महिना, विभागाच्या संगणक कक्षात पंखा एक आणि संगणक नऊ, त्यांपैकी चालू दोन. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण त्या खोलीतला यूपीएस दर चाळीस सेकंदांनी कसा कण्हायचा ते मी अजून करून दाखवू शकतो. कुणी करून दाखवायला सांगत नाही.

शालन भालशंकर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वय एकोणचाळीस. पीएचडीसाठी अभ्यास रजेवर आलेल्या. रजा एकतीस मार्चला संपत होती आणि सहा वर्षांची नोंदणीही त्याच दिवशी. समितीची बैठक आजची, पुढची थेट जूनमध्ये. म्हणजे आज सेमिनार मंजूर झाला तर प्रबंध जमा होणार. नाही झाला तर ताई परत शाळेत, आणि सहा वर्षांत अकरा गावांतली तीनशे बारा घरं पायी फिरून जमवलेल्या प्रश्नावल्या माळ्यावर.

विद्यापीठात मला 'सर' म्हणणारं हे एकच माणूस होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि संशोधक विद्यार्थी असल्यामुळे शिपाईसुद्धा मला 'ए' म्हणून हाक मारायचा.

मी आकडे बदलायला बसलो. एरवी आम्ही तक्त्यांकडे बघायचो, ते वाचायचो नाही. शेवटच्या रकान्यात दोन चांदण्या आल्या की निष्कर्ष चांगला, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पण इंग्रजी आकड्याचा मराठी आकडा करायचा म्हणजे तो एकेक करून वाचावाच लागतो. तक्ता क्रमांक चार. घरापासून माध्यमिक शाळेचं अंतर. कमीत कमी, शून्य पूर्णांक पाच किलोमीटर. सरासरी, सतरा पूर्णांक दोन. जास्तीत जास्त, नव्याण्णव.

मी नव्याण्णव टाइप केलं. मग थांबलो.

ताईंचा तालुका मला माहीत होता. नव्याण्णव किलोमीटर गेलं तर तालुका संपतो, जिल्हा संपतो, आणि शेवटी माणूस कर्नाटकात शाळा शोधत असतो.

इथं आमच्या शनिवारच्या वर्गाबद्दल सांगायला हवं. समाजशास्त्र विभागात संख्यात्मक पद्धती शिकवणारे एकमेव प्राध्यापक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी जाहिरात निघाली होती. जाहिरात निघून तीन वर्षं झाली होती. तेव्हा आम्ही सहा-सात जणांनी ठरवलं की एकमेकांना शिकवायचं. दर शनिवारी दुपारी एकेकानं एकेक प्रकरण. आदल्या दिवशी वाचायचं, दुसऱ्या दिवशी शिकवायचं. सरावासाठी आम्ही मेसच्या चपात्यांचा व्यास मोजला, दोन आठवडे, रोज चाळीस चपात्या. मेसवाल्याला वाटलं आम्ही वरून तपासणीला आलोय. त्यानं घाबरून चपाती अर्ध्या इंचानं वाढवली आणि आमचं पहिलं संशोधन पाण्यात गेलं. जेवण मात्र सुधारलं.

वर्गाचा एकच नियम होता, आणि तो माझ्या मित्रानं, इम्तियाज तांबोळीनं, काढला होता. 'मला कळलं नाही' असं जो म्हणेल, त्यानं तेच प्रकरण पुढच्या शनिवारी सगळ्यांना शिकवायचं. लोकांनी घरून वाचून यावं हा त्यामागचा हेतू. नियम लागू झाला आणि त्यानंतरचे सात महिने कुणाला काहीही न कळण्याचा एकही प्रसंग आला नाही. असा वर्ग मी पुन्हा बघितला नाही. आम्ही अवघड अवघड प्रकरणं पंचवीस मिनिटांत संपवून चहाला जायचो.

माहिती भरण्याचं प्रकरण माझ्याकडे होतं. मी शिकवलं होतं : उत्तर मिळालं नाही तर चौकट कोरी ठेवायची नाही, तिथं नव्याण्णव भरायचं. हे बरोबर आहे. पण पुढं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बाबा रे, हे नव्याण्णव म्हणजे आकडा नाही, हे 'उत्तर नाही' आहे. नाहीतर ते त्याला खरंच नव्याण्णव समजतं. हे मी शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकातला तो परिच्छेद मला समजला नव्हता. मी म्हणालो होतो, "बाकीचं सोपं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मी इम्तियाजला बोलावलं. तो राज्यशास्त्राचा, शेजारच्याच खोलीत झोपलेला असायचा. त्यानं पडद्याकडे बघितलं.

"नव्याण्णव."

"हो."

"आपलं नव्याण्णव?"

"हो."

"किती घरं?"

"एकोणचाळीस."

तो खुर्चीवर बसला. "पण तिचा तर निष्कर्षच त्याच्यावर आहे."

होताच. भालशंकर ताईंच्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष असा होता की शाळा जितकी लांब, तितक्या मुली सातवीनंतर जास्त शिकतात. सगळ्या जगात याच्या उलट सापडलं होतं. आमचे मार्गदर्शक, डॉ. नाईकनवरे सर, या निष्कर्षावर भाळले होते. त्यांनी त्याला 'अंतराकर्षण' असं नाव दिलं होतं, बँकॉकच्या एका परिषदेला त्याचा गोषवाराही पाठवला होता, आणि त्या नावात स्वतःचं आडनाव कुठं बसवता येईल हे ते काही महिन्यांपासून बघत होते.

"काढून बघ ती घरं," इम्तियाज म्हणाला.

मी एकोणचाळीस घरं बाजूला केली आणि बटण दाबलं. यूपीएस दोनदा कण्हला. निष्कर्ष उलटा होऊन समोर आला. शाळा लांब गेली की मुलींची शाळा सुटते. दर किलोमीटरला सुटते. चांदण्या दोनच, पण दुसऱ्या बाजूच्या.

"झालं," इम्तियाज म्हणाला. "सहा वर्षं फिरून बाईला कळलं की शाळा लांब असली की पोरी शाळा सोडतात. हे तर आमच्या अम्मीला पण माहितीय."

"सांगावं लागेल."

"सेमिनार झाल्यावर सांग. आत्ता सांगितलंस तर ती तिथं उभी राहून काय करणार? प्रबंध जमा होईपर्यंत वेळ आहे, गुपचूप बदलता येईल."

"निष्कर्ष उलटा करायचा, गुपचूप?"

"लोक प्रबंध वाचतात असं वाटतं का तुला?" मग तो म्हणाला, "आणि ते पत्र?"

पत्राचं मी विसरलो नव्हतो. जुलैपासून विभागात तासिका तत्त्वावर एक पेपर शिकवायला माणूस हवा होता आणि नाईकनवरे सरांनी माझं नाव सुचवायचं कबूल केलं होतं. पत्र टाइप होऊन सरांच्या टेबलावर होतं, सही व्हायची होती, आणि हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. पेपर संख्यात्मक पद्धतींचा होता. सरांच्या मते विभागात तो विषय मलाच येत होता.

"पत्राचा याच्याशी काय संबंध?" मी म्हणालो.

"काही नाही," इम्तियाज म्हणाला. "मी सहज विचारलं."

ताई व्हरांड्यात बाकावर कागदी प्लेटा मांडत होत्या. आमच्याकडे सेमिनारचा खाऊ उमेदवारानं करायचा असतो. ज्याचं पास-नापास ठरणार त्यानं पहाटे उठून परीक्षकांसाठी स्वयंपाक करायचा. ताईंनी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, आणि परीक्षक मॅडमना तिखट चालत नाही असं कळल्यामुळे वेगळ्या डब्यात शिराही.

"ताई, अंतराच्या रकान्यात नव्याण्णव कुठं भरलं होतं तुम्ही?"

"तुम्ही सांगितलं होतं तिथंच. उत्तर नाही तिथं."

"उत्तर का नव्हतं पण?"

त्यांनी चटणीचं झाकण लावलं. "त्या पोरी वसतिगृहात असतात, सर. नाहीतर मामाकडं, आत्याकडं. शिकायला ठेवलेल्या. बापाला विचारलं शाळा किती लांब, तर तो म्हणतो, लांब कशी, ती शाळेच्या आवारातच राहते. आता याला किती किलोमीटर लिहायचं? म्हणून नव्याण्णव."

म्हणजे ज्या मुली शिकत होत्याच, त्यांच्या नावापुढं आम्ही नव्याण्णव किलोमीटर लिहिलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, मान खाली घालून. यावेळी मला नीट सांगता आलं.

त्यांनी एक प्लेट सरळ केली. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

"काय?"

"की काहीतरी चुकतंय. मी त्या घरांत गेलेली आहे, सर. मधल्या वाडीची माध्यमिक शाळा बंद झाली त्या साली बारा पोरी घरी बसल्या, त्या माझ्यासमोर बसल्या. आणि कॉम्प्युटर म्हणतो, लांब असली की शिकतात. मी म्हटलं असेल बाई, आपल्याला कळत नसेल."

"मग विचारलं का नाही शनिवारी?"

"विचारलं असतं तर पुढच्या शनिवारी मला शिकवायला लागलं असतं. माझी चारची एसटी असते. ती चुकली की थेट आठची." त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाल्या.

मी इम्तियाजचा सल्ला सांगितला. आज आहे तेच मांडा, जमा करण्याआधी बदलू.

"नको," ताई म्हणाल्या.

"ताई, रजा..."

"माहितीय ना मला. माझीच रजा आहे." त्यांनी पदर खोचला. "एक एप्रिलला मी त्याच वाडीत शिकवायला उभी राहणार. तिथं कुणी विचारलं, बाई, काय शोधलं एवढी वर्षं, तर काय सांगू? तुमची मोठी शाळा बंद झाली ते बरं झालं?"

बारा वाजता सेमिनार सुरू झाला. खोलीत समितीचे तीन लोक, मध्ये बाहेरून आलेल्या डॉ. देवस्थळी मॅडम. वय सत्तरच्या पुढं, हातात गोळ्यांची डबी, चेहऱ्यावर असे चारशे सेमिनार ऐकल्याचा शीण. नाईकनवरे सर पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. मी आणि इम्तियाज तिसऱ्या रांगेत. बाकीचे विद्यार्थी धपाट्यांच्या वासानं आलेले.

ताई उभ्या राहिल्या. "नमस्कार. तक्ता क्रमांक चार चुकीचा आहे," त्या म्हणाल्या.

सुरुवात म्हणून हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. ताईंनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. नव्याण्णव म्हणजे काय, ते कुठून आलं, ते काढल्यावर काय दिसतं. मग वहीतून वाचून दाखवलं, कुठल्या वाडीतून शाळा किती लांब आणि त्या साली किती पोरी घरी बसल्या. शिकवायची सवय असलेल्या माणसाचा आवाज होता. मला पहिल्यांदाच तो सगळा विषय समजला.

नाईकनवरे सर उठले. "म्हणजे अंतराकर्षण..."

"नाही, सर."

"काहीच नाही?"

"उलटं आहे."

सर खाली बसले. बँकॉक त्यांच्या चेहऱ्यावरून एखाद्या गाडीसारखं निघून जाताना मी बघितलं.

देवस्थळी मॅडमनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. पण मला नियमानं जावं लागतं. मुख्य निष्कर्षच बदलला, म्हणजे हा सेमिनार पुन्हा व्हायला हवा."

"जूनमध्ये," समितीतले एक जण म्हणाले.

"त्यांची नोंदणी मार्चमध्ये संपते," दुसरे म्हणाले.

"मग अवघड आहे," पहिले म्हणाले.

आता नाईकनवरे सर पुन्हा उठले. सर वाईट माणूस नव्हते, आणि नियमावली त्यांना तोंडपाठ होती. "मॅडम, एक वाट आहे. पद्धत विभागाच्या कार्यशाळेत शिकवली असेल आणि तिथंच चुकीची शिकवली असेल, तर ती विभागाची चूक. मग फक्त तांत्रिक दुरुस्ती होते. पंधरा दिवसांत दुरुस्त प्रत, नवा सेमिनार नाही."

"अशी कार्यशाळा होते तुमच्याकडे?"

"दर शनिवारी. वार्षिक अहवालात आहे. अठ्ठावीस सत्रं, मी निमंत्रक." सर खरोखर एकदा आले होते, फोटोपुरते. "कोणतं सत्र, कुणी घेतलं, एवढं नोंदवलं की झालं." ते ताईंकडे वळले. "भालशंकर, हे नव्याण्णवचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

इम्तियाजनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

मी एवढंच म्हणायचं होतं : मी. एका अक्षराचं काम होतं. सरांच्या टेबलावर पत्र होतं. माझ्या डोक्यात ते पत्र आणि ते अक्षर यांची काहीतरी आकडेमोड चालू झाली, आणि ती नीट येत नसल्यामुळे मी ती पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. वर्गात शिक्षक हजेरी घेताना बघतात तेवढंच. हजर आहे का नाही.

मी वहीत काहीतरी लिहीत होतो.

"कुणी नाही शिकवलं, सर," ताई म्हणाल्या.

"आठवून बघा. हे महत्त्वाचं आहे."

"आठवूनच सांगतेय. कुणी नाही. मी माझं माझं वाचलं."

देवस्थळी मॅडमनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पेनचं टोपण लावलं. सेमिनार पुन्हा घ्यावा. जून. मग सगळे धपाटे खायला गेले. मॅडमना शिरा आवडला. त्यांनी ताईंना दोनदा तसं सांगितलं.

प्लेटा उचलल्यावर नाईकनवरे सरांनी मला आत बोलावलं. ते थकले होते. पत्रावर सही करताना म्हणाले, "कुलथे, या पोरांना काही येत नाही रे. कुणीतरी नीट शिकवायला पाहिजे." मी हो म्हणालो.

एकतीस मार्चला ताईंची नोंदणी संपली. त्यांनी पुन्हा केली नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी त्यांच्या पिशव्या घेऊन एसटी स्टँडपर्यंत गेलो. इम्तियाज आला नाही. त्याला अचानक ग्रंथालयात काम निघालं, तीन वर्षांत पहिल्यांदा. चारच्या गाडीला वेळ होता. ताई फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी चपला काढून पाय सैल सोडले. पायांना भेगा होत्या. अकरा गावांच्या.

"ताई, माझं नाव का नाही घेतलं तुम्ही?"

"कशासाठी?"

"मीच शिकवलं होतं ना."

त्यांनी एका पायानं चपला जवळ ओढल्या. "राग मानू नका, सर. मी सोळा वर्षं शिकवतेय. समोरचा माणूस शिकवतोय की नुसता बोलतोय, हे मला पाच मिनिटांत कळतं. तुम्ही त्या शनिवारी बोलत होतात."

मी पिशव्यांचे बंद सरळ केले.

"म्हणून मी म्हटलं, कुणी शिकवलं नाही. तुम्ही उठून काही म्हणाला असतात तर ती वेगळी गोष्ट होती. पण मी खोटं कुठं बोलले?"

गाडी लागली. मी पिशव्या वर चढवल्या. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो, कारण लगेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

"त्या पत्राचं काय झालं तुमच्या?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"झालं. सही झाली."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

"कुठला पेपर?"

"संख्यात्मक पद्धती."

त्यांनी मान हलवली. टोमणा मारल्यासारखी नाही. एखाद्या नव्या शिक्षकाला पहिलीचा वर्ग मिळाल्याचं कळावं, तशी. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

"तीन महिने आहेत अजून," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात शिकून होईल."